मॉनिटर नसलेली म्हैस

म्हैस बसली ती उठेना, हे सगळ्यात आधी शिंपीकाकांना कळलं. शिंपीकाका तिसऱ्या मजल्यावर शिवणयंत्र चालवायचे आणि उरलेल्या वेळात भाडेकरू संघटना चालवायचे. दोन्हीकडे धागा तुटला की आधी ओरडायचं, मग बघायचं, ही त्यांची रीत. कठड्यावरून ओणवं होऊन त्यांनी आरोळी ठोकली, "वायरताई! तुझी म्हैस मेली गं!"

"मेली नाही, डुलकी घेतेय," खालून उत्तर आलं. "उठेल आपोआप."

"सकाळपासून तेच ऐकतोय! गिऱ्हाईक मापं पाठवून बसलंय, इथे काही उतरतच नाही."

"मग टेप घ्या आणि त्याच्या घरी जा. पाय दिलेत ना देवाने?"

म्हैस म्हणजे कॉम्प्युटर. काळा, बोजड, कुठल्याशा कचेरीने भंगारात काढलेला. जिन्याखालच्या कपाटात, पाण्याच्या मीटरला खेटून, विटांवर ठाण मांडून बसलेला. त्याच्यातून इमारतीच्या प्रत्येक खोलीत नेटची वायर गेलेली. त्या सगळ्या वायरी भिंती पोखरून, माळ्यांवर पोटावर सरपटत हिने एकटीने टाकलेल्या, म्हणून ही वायरताई. खरं नाव फक्त आईच्या तोंडी उरलं होतं, आणि आता तिथूनही गेलं होतं. त्याबद्दल पुढे.

म्हशीवरची सिस्टीम कुणा कंपनीच्या मालकीची नव्हती. जगभरातल्या माणसांनी मिळून लिहिलेली. कुणीही उघडावी, बघावी, दुरुस्त करावी, दुसऱ्याला द्यावी. "फुकट मिळते म्हणून वापरता होय?" असं कुणी म्हटलं की वायरताईच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "फुकट म्हणून नाही, आपली म्हणून," ती सुनवायची. "जन्म दुसऱ्याच्या खोलीत गेला. एक वस्तू तरी अशी असू दे, जिची किल्ली मालकाच्या खिशात नाही."

बोलायला फक्कड होतं हे. पण उघडून बघायची मुभा असलेली वस्तू तिने स्वतः कित्येक वर्षं उघडून बघितली नव्हती.

डुलकीचं असं होतं. म्हशीचं नेट अधूनमधून जायचं. का जायचं, हे शोधण्याऐवजी वायरताईने एक चिमुकला प्रोग्राम लिहून ठेवला. त्याचं नाव रखवालदार. नेट चालू आहे का, एवढंच तो सारखं बघायचा. नसलं की म्हैस बंद करून पुन्हा चालू करायचा. चहाला उकळी येईपर्यंत नेट परत. लोक म्हणायचे, म्हैस डुलकी घेतेय, आणि कामाला लागायचे. दुखणं दाबून ठेवायचा हा उपाय इतका छान चालला की दुखणं आहे हेच सगळे विसरले. वायरताई तर सर्वांच्या आधी विसरली. तिला विसरायचंच होतं.

आणि परवा तिने सिस्टीमची नवी आवृत्ती चढवली. आता नेट गेलं की नुसतं नेट जात नव्हतं, सगळी म्हैसच जागच्या जागी गोठत होती, आणि पोटातला रखवालदारही तिच्यासोबत गोठत होता. उठवणारं कुणी उरलं नाही.

शिंपीकाका टेप गळ्यात टाकून खाली उतरले. "हे बघ, रविवारच्या बैठकीत विषय घ्यावा लागेल. पलीकडच्या इमारतीने कंपनीचा डबा लावलाय. पांढरा, एवढासा. बिघडला की फोन करायचा, माणूस येतो."

"आणि तो माणूस येऊन काय करतो?"

"बंद करून चालू करतो."

"अहो, मग ते तर माझा रखवालदारही करायचा!"

"करायचा ना. आता तोही मेलाय ना पण." काकांनी आवाज खाली आणला. "रागावू नकोस. रविवारपर्यंत उठव तिला. नाहीतर लोक माझं ऐकायचे नाहीत."

वायरताईने कपाटाचं दार आदळलं. दार आदळून दुरुस्ती होत असती तर त्या इमारतीत एकही वस्तू नादुरुस्त राहिली नसती.

या दुखण्याची पहिली कळ उठली ती टेपवाल्याच्या वेळी.

टेपवाला शेजारच्या खोलीत वाढलेला, तिच्याहून थोडा लहान. लहानपणापासून गळ्यात रेकॉर्डर, म्हणून टेपवाला. कॉम्प्युटरची अक्कल तिच्याइतकीच. तिचा हात तारांत, त्याचा प्रोग्राममध्ये. म्हैस दोघांनी मिळून उभी केली होती, हे सांगायला हवं, कारण वायरताई ते सांगेनाशी झाली होती. मालकाने एकदा पाणी तोडून, माणसं घालून इमारत रिकामी करायचा घाट घातला होता. त्या दिवसांच्या आठवणी म्हाताऱ्या भाडेकरूंकडून रेकॉर्ड करून ठेवायचं काम संघटनेने त्याला दिलं. तो जुना लॅपटॉप आणि माइक घेऊन एकेका खोलीत बसायचा. लॅपटॉपची डिस्क मरायला टेकलेली, त्यामुळे रेकॉर्डिंग वायरीवरून थेट म्हशीवर उतरायचं.

असा तो वायरताईच्या आईसमोर बसला.

त्या दिवसांत वायरताईचा बाप जिना उतरून मालकाच्या माणसांसमोर गेला, आणि वर आला तो चौघांच्या हातांवर. ती तेव्हा पाळण्यात. पुढे आईने तिला वाढवलं, शिकवायची धडपड केली, पण त्या दिवसाबद्दल तोंडातून अक्षर काढलं नाही. लेकीने लहानपणी विचारून पाहिलं, तर "जेव आधी." मोठेपणी विचारणं सोडलं. आणि तीच आई शेजारच्या पोरापुढे तासन्‌तास बोलायला लागली. लाकडी पार्टिशनपलीकडून आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. वायरताई आत डोकावली की आवाज बंद.

"चहा टाकू का?"

"टाक."

आणि ती वळली की पुन्हा सुरू. ती गाळणी हातात धरून उभी राहायची आणि चहा उतू जायचा.

नेमकं त्याच दिवसांत म्हशीचं नेट कोसळायला लागलं. रेकॉर्डिंग चालू असलं की हमखास. अख्खी इमारत खेकसायची. बैठक भरली तेव्हा टेपवाला उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "ताई, मला वाटतं कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये गोची आहे." ड्रायव्हर म्हणजे नेटवर्क कार्ड आणि सिस्टीम यांच्या मधला दुभाषा, याचं त्याला आणि त्याचं याला सांगणारा. "म्हशीला एकदा मॉनिटर लावू. कोसळताना शेवटचं काय म्हणते ते स्क्रीनवर उमटतं. ते वाचू, ज्यांनी ड्रायव्हर लिहिलाय त्यांना कळवू."

एवढंच मागत होता तो. एक मॉनिटर.

"माझ्या म्हशीला मॉनिटर लागत नाही," वायरताई म्हणाली. "तुझी रेकॉर्डिंगं लागत नाहीत तिला. एवढाली ओझी तिच्या अंगावर टाकतोस आणि वर दुसऱ्यांच्या ड्रायव्हरला नावं ठेवतोस?"

"ओझ्याने मशीन मंद होईल गं, मरणार नाही. मरतंय म्हणजे—"

"म्हणजे काय ते मला शिकवू नकोस! स्वतःची आई उरली नाही, म्हणून दुसऱ्यांच्या आया धरून बसतोस."

त्याची आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. टेपवाल्याने माइकची वायर गोळा केली, नेहमीसारखी, पीळ पडू न देता एक वेढा उलटा एक सुलटा, पिशवीत ठेवली आणि गेला. महिनाअखेर खोलीही सोडली.

वायरताईने त्याच आठवड्यात रखवालदार लिहिला. रेकॉर्डिंग थांबलेलं, त्यामुळे डुलक्याही कमी झाल्या. बघा, दोष त्याचाच होता, असं ती म्हणत राहिली, आणि लोकांनी मान हलवली.

पुढल्या साली आईच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. जीव वाचला, हातपाय बऱ्यापैकी परतले, भाषा तेवढी गेली. म्हातारी गप्प झाली नाही. बोलते, भरपूर बोलते. चढउतार आहेत, प्रश्नाला प्रश्नाचा सूर आहे, रागाला रागाचा. शब्द मात्र एकही नाही. आधीचं जवळपास सबंध वर्ष वायरताई तिच्याजवळ पाय मुडपून बसू शकली असती, विचारू शकली असती. नाही विचारलं. त्याला सांगितलंस ना, मग राहू दे, असा तो ताठा. टेपवाल्याच्या फोल्डरला तिने कुलूप घातलं होतं. आईचं अर्धवट रेकॉर्डिंग त्यात होतं. तेही तिने कधी ऐकलं नाही.

म्हैस बसली तेव्हा या सगळ्याचा विचार तिच्या डोक्यात नव्हता. डोक्यात कंपनीचा पांढरा डबा होता.

दुरुस्तीचा तिचा एकच नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर बरं झालेलं कशाने, ते कळत नाही. तिने मुख्य वायरीची टोकं कापून नवी चिमटवली. म्हैस पुन्हा गोठली. सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात त्या स्विचमधलं भोक बदललं. गोठली. रॅमच्या पट्ट्या काढून, पुसून, अदलाबदल केली. गोठली. पॉवर सप्लाय दुसरा लावला. चालली, चालली, आणि दुपारी सगळी पोरं शाळेतून येऊन नेटला लागल्याबरोबर गोठली.

"वरून मॉनिटर आणते," ती स्वतःशीच म्हणाली. म्हणाली आणि जिन्यात क्षणभर थबकली. पण दुसरा इलाज नव्हता. आईच्या खोलीतला मॉनिटर उचलून ती निघाली तेव्हा म्हातारी पलंगावरून काहीतरी विचारती झाली, शेवटाला सूर उचलून.

"खाली नेतेय. म्हशीला लावते," लेक म्हणाली.

म्हातारी लांबलचक काहीतरी बोलली. बोलण्यात हसू होतं.

मॉनिटर लागला. आता म्हशीला दाबात आणायला काहीतरी जड पाठवून बघायला हवं होतं, आणि म्हशीवर खरं जड असं एकच होतं: टेपवाल्याचं फोल्डर. तिने कुलूप काढलं, त्यातली सर्वात मोठी फाइल आपल्या लॅपटॉपवर ओढायला सुरुवात केली. अर्ध्यावर फाइल थांबली. म्हैस गोठली.

"बघ! सांगितलं नव्हतं?" ती पाण्याच्या मीटरला म्हणाली.

आणि मग स्क्रीनकडे बघितलं. काळ्यावर पांढऱ्या ओळी, कुणी कुणाला बोलावलं त्याची उलटी माळ, आणि शेवटी, सिस्टीमच्या गाभ्याने हात टेकले, अशा अर्थाचं वाक्य. इतकी वर्षं प्रत्येक डुलकीच्या वेळी म्हैस बोलत होती. ऐकायला स्क्रीन नव्हती, आणि रखवालदार बंद करून चालू करायचा तेव्हा बोललेलं पुसून टाकायचा. इंग्रजीशी वायरताईची गट्टी नव्हती, पण कुठल्या नावानंतर कुठलं नाव आलंय हे तिला कळत होतं. माळेत कुठेही फाइलचं नाव नव्हतं. कार्डाच्या ड्रायव्हरचं होतं. पुन्हा पुन्हा.

नियम म्हणजे नियम. एकच गोष्ट बदलायची. तिने फाइल बदलली. तेवढ्याच आकाराची, नुसत्या शून्यांनी भरलेली फाइल तयार केली. त्यात ना टेपवाला होता, ना कुणाची आई. पाठवली. म्हैस गोठली, त्याच ओळी, त्याच क्रमाने.

मग कार्ड बदललं. भंगाराच्या पेटीतलं दुसऱ्या जातीचं कार्ड काढून बसवलं, त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो. शून्यांची फाइल सुळकन गेली. टेपवाल्याची फाइलही गेली.

वायरताई विटांवर बसली.

झालं होतं ते असं. फार मोठं काही एका दमात पाठवलं की जुनं कार्ड गुदमरायचं. गुदमरलेल्या कार्डाला ड्रायव्हर नव्याने सुरू करायला जायचा, आणि त्यासाठी कार्डाच्या हाताखालची जागा आधी मोकळी करायचा. पण त्याचाच दुसरा हात त्याच जागेतून अजून माल उचलत असायचा. नळाखाली रांगेने बादल्या भरतायत, एकजण उचलून वर देतोय, आणि मागून कुणीतरी येऊन बादल्याच काढून नेतोय. वरच्याचा हात रिकाम्यात जातो, तोल जातो, सगळी रांग जिन्यावरून खाली. आधी उचलणाऱ्याला थांबव म्हणायचं, मग बादल्या काढायच्या, एवढंच ड्रायव्हरला शिकवायचं राहिलं होतं. तेव्हा इमारतीत मोठं असं फक्त रेकॉर्डिंगच वायरीवरून जायचं, म्हणून त्याच वेळी कोसळायचं. आज पोरंसोरंही सिनेमे ओढतात.

"उठली का गं?" शिंपीकाका दारात. दिवे लुकलुकताना बघून त्यांचा चेहरा उजळला. "वा! शाबास! काय झालं होतं?"

"कार्ड," ती म्हणाली. "कार्ड बिघडलं होतं."

"चला, बैठकीतला विषय मिटला!" काका जिना चढून गेलेही.

काढलेलं कार्ड तिच्या हातात होतं. ते ठणठणीत होतं. दुसऱ्यांदा ती भलत्यालाच दोष देऊन मोकळी झाली होती, आणि पहिल्या खेपेसारखंच लोकांनी लगेच मानलंही होतं.

टेपवाला बस डेपोत घोषणा करायचा. फलाटांच्या वर काचेची खोली, टेबलावर माइक आणि बटणांची पाटी. नेहमीच्या घोषणा त्याच्याच आवाजात भरून ठेवलेल्या. दारात वायरताईला बघून तो उठला नाही. केस पांढरे झाले होते.

"काकू बऱ्या आहेत ना?" हे पहिलं.

"आहे. बोलते. कळत नाही."

"माहीत आहे. शिंपीकाका भेटतात." त्याने एक बटण दाबलं. बाहेर त्याचाच आवाज घुमला: गाडी उशिरा सुटेल, प्रवाशांना होणाऱ्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.

"दिवसभर माफी मागतोस?"

"मी कुठे? बटण मागतं."

"मला पण असं एखादं बटण मिळालं तर घेऊन जाते."

तो हसला नाही. तिने पिशवीतून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्याने ते ओळखलं, उचलून उलटंपालटं केलं.

"मॉनिटर लावला," ती म्हणाली.

खाली एक गाडी मागे घेताना कुणीतरी "येऊ दे, येऊ दे" करत होतं.

"काय म्हणाली म्हैस?"

तिने फोनवरचा फोटो पुढे केला. चष्मा कपाळावर चढवून त्याने बोटाने एकेक ओळ उतरत वाचली. "बरोबर. रीसेट करताना जागा मोकळी करतोय, आणि उचलणारा थांबलेलाच नाही."

"बादल्या," ती म्हणाली.

"हो. बादल्या." मग फोन परत करत, "तू येशील आणि मी तुला हाकलून देईन, याची मी फार वर्षं वाट बघितली, ताई. काय काय बोलायचं तेही पाठ होतं."

"मग बोल ना. ऐकून घ्यायलाच आलेय."

"आता सापडत नाही गं. इतक्यांदा मनात म्हटलं की झिजून गेलं." त्याने घड्याळाकडे बघून दुसरं बटण दाबलं. पुन्हा दिलगिरी घुमली. या वेळी दोघांनाही हसू आलं, आणि दोघांनीही ते गिळलं.

मग तिने विचारलं. डेपोचा जिना चढताना हेच एक तिच्या छातीवर बसलं होतं. "नेट गेलं तेव्हा आई थांबली नसेल. फाइल अर्धवट राहिली, पण तू तर समोर होतास. पुढचं तू ऐकलंस."

तो कार्डाकडे बघत राहिला.

"सांग ना. बाबांबद्दल काय म्हणाली?"

"नाही ऐकलं, ताई."

"खोलीत होतास की!"

"होतो. पण मला वाटत होतं रेकॉर्ड होतंय. काकूंचा आवाज मध्येच बारीक व्हायचा, मी माइक सरकवत होतो, स्क्रीनवरच्या आवाजाच्या पट्टीकडे बघत होतो. पट्टी हलत होती, फाइल मात्र केव्हाच थांबलेली. म्हटलं, शब्द नंतर निवांत ऐकू." त्याने चष्मा खाली ओढला. "त्या बोलून संपल्या, डोळे पुसले, मग मी बघितलं. मला सुरांचा चढउतार आठवतो. कुठे थांबल्या ते आठवतं. शब्द नाही. लाज वाटली, तरी सांगितलं त्यांना. म्हणाल्या, उद्या ये, पुन्हा सांगते."

"उद्या बैठक होती," वायरताई म्हणाली.

"हो. बैठक होती."

त्याच दिवशी त्याने सगळा प्रकार, फोटोसकट, ड्रायव्हर सांभाळणाऱ्या माणसाला लिहून पाठवला. कुठल्या कोण देशातल्या त्या माणसाचं उत्तर दोन दिवसांत आलं. दुरुस्ती सोबत जोडली होती. जुनं कार्ड परत लावून तपासाल का, असं विचारलं होतं. आणि खाली एक ओळ: पुढच्या आवृत्तीतून हा ड्रायव्हर काढून टाकायचं ठरलंय. इतक्या वर्षांत कुणाचीच तक्रार आली नाही, तेव्हा हे कार्ड आता कुणी वापरत नसावं, असं आम्ही धरून चाललो.

म्हणजे अशा किती जिन्यांखाली किती रखवालदार दुखणी दाबून बसले असतील, कोण जाणे! जो ओरडत नाही तो नाहीच, असं वरच्यांनी समजायचं. मालकांनी समजायचं आणि भल्या माणसांनीही. वायरताईने ती ओळ टेपवाल्याकडून दोनदा वाचून घेतली आणि कुणाचा म्हणून राग करावा हे तिला कळेना, कारण ओरडायचं राहून गेलं ते तिचंच.

रविवारी टेपवाला आला. शिंपीकाकांनी बैठकीत म्हशीच्या विषयावर "मिटला" म्हणून काट मारायला हात उचलला, तर वायरताई उभी. "मिटला नाही. कार्ड बिघडलं नव्हतं. दोष ड्रायव्हरचा होता, हा तेव्हाच म्हणाला होता. मी त्याला नको ते बोलले. घ्या पुढचा विषय."

हॉलमध्ये जरा चुळबूळ झाली. तेव्हाच्या बैठकीतले बरेचसे एव्हाना वारले होते नाहीतर खोल्या सोडून गेले होते. नव्यांना कसला दोष, कसलं बोलणं, काही ठाऊक नव्हतं. एकीने विचारलं, "म्हणजे नेट चालू राहील ना?" ज्यांच्यासमोर त्याचा अपमान झाला होता ते समोर नव्हते. माफी भलत्याच माणसांनी ऐकली.

बैठकीनंतर दोघं जिन्याखाली शिरली. कपाट तेवढंच होतं, माणसं रुंद झाली होती.

"पाय काढ तुझा वायरीवरून."

"तुझं ढोपर बाजूला घे आधी."

त्याने दुरुस्ती घालून गाभा नव्याने बांधायला लावला; तिने जुनं कार्ड परत बसवलं, आणि रखवालदार स्वतःच्या हाताने पुसून टाकला. टेपवाल्याने ते बघितलं. तपासायला मोठी फाइल हवी होती. कुठली घ्यायची, हे कुणी कुणाला विचारलं नाही. लॅपटॉप घेऊन ती दोघं वर आईच्या खोलीत गेली, भिंतीतल्या त्याच जुन्या सॉकेटमध्ये वायर खुपसली आणि फाइल ओढायला लावली.

पूर्वी थांबायची तिथून फाइल पुढे सरकली. कार्ड गुदमरलं असणार, कारण गती क्षणभर पडली. मग उचलणारा थांबला, बादल्या बदलल्या आणि फाइल शेवटापर्यंत पोचली.

"गेली," टेपवाला म्हणाला.

"लाव."

पलंगावर म्हातारी उशीला टेकून बसली होती. लॅपटॉपमधून तिचाच आवाज आला, शब्दांसकट. ती दचकली, मग मान वाकडी करून ऐकू लागली. नळ तुटल्याचं, जिन्यातून माणसांच्या हातांनी पाणी चढवल्याचं, बाळाच्या तापाचं. बाळ म्हणजे वायरताई. आई तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारत होती. इतक्या दिवसांनी ते नाव कानावर पडलं आणि ती खाली बघू लागली. माइक सरकल्याची खरखर झाली. आवाज बारीक झाला.

"...खालून हाका यायला लागल्या. मी यांचा हात धरला. म्हटलं, तुम्ही खाली जाऊ नका, बाळ तापलंय. तर हे म्हणाले—"

आणि फाइल संपली. तिच्यात तेवढंच होतं. ड्रायव्हर दुरुस्त झाला म्हणून न उतरलेलं थोडंच उतरणार होतं!

खोलीत लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज राहिला. वायरताई सरकली, पलंगाला टेकून जमिनीवर बसली, पाय मुडपून. "काय म्हणाले, आई?"

म्हातारीने तिच्याकडे बघितलं. मग सांगायला लागली. घाई नाही, अडखळ नाही. हात हवेत फिरतोय, आवाज मध्येच बारीक होतोय, एका जागी किंचित हसली, एका जागी थांबून गिळलं, पुन्हा पुढे. सबंध गोष्ट, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. शब्द नव्हता एकही.

टेपवाल्याचा हात सवयीने लॅपटॉपकडे गेला. पट्टी हलायला लागली.

"चालू केलंस?" वायरताईने मान न वळवता विचारलं.

"केलं," तो म्हणाला. मग स्क्रीन हाताने वळवून भिंतीकडे केली, आणि तोही जमिनीवर येऊन बसला. "त्याचं ते करेल. आपण ऐकू."